आयसीला दोष देण्याआधी

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये साठवून ठेवलेला एकही आवाज नसतो. ऑसिलेटर लहर तयार करतो, फिल्टर तिच्यातला काही भाग गाळतो, ॲम्प्लिफायर तिची पातळी ठरवतो. हे सुटे खण, म्हणजे मॉड्यूल, पॅच कॉर्ड नावाच्या वायरींनी जोडून वादक आपलं वाद्य जुळवतो. जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी १९९० च्या दशकात ‘युरोरॅक’ हा आटोपशीर आकार रूढ केला. आज कोरा बोर्ड मागवायचा आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबा परिसरातून सुटे भाग आणून घरी सोल्डर करायचं, एवढं ते सोपं आहे. ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्लीत मात्र मे महिन्याचं ऊन आहे, शेताभोवती सौर कुंपणाचं झटका मशीन आहे आणि सुट्या भागांचा बाजार दूर आहे. तिथे चुकीचं निदान महागात पडतं.

गैरसमज : हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे त्याला इतिहास नाही.

वस्तुस्थिती : अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूग मॉड्युलर सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर यांनी तिथे रचना केल्या. त्या रचनांच्या ध्वनिफिती २०२३ साली प्रकाशित झाल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रण केलं, ते मात्र कंपनीच्या तयार वाद्यांवर.

गैरसमज : सूर सरकला म्हणजे ऑसिलेटरचा आयसी गेला.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा आयसी ठणठणीत असतो, तापमान बदललेलं असतं. या वाद्यांत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. आतल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीला त्यासाठी सुमारे १८ मिलिव्होल्टचा फरक लागतो, आणि हा आकडा दर अंशाला साधारण ०.३३ टक्क्यांनी वाढतो. पहाटे २८ अंशांवर जुळवलेला ऑसिलेटर दुपारी ४५ अंशांवर वाजवला आणि सर्किटमध्ये भरपाईची सोय नसली, तर सप्तक पाच टक्क्यांहून अधिक आखडतं. वरचा सा मग सा आणि शुद्ध नी यांच्यामध्ये कुठेतरी अडकतो. उन्हात तंबोरा उतरतो, तसाच हा प्रकार. उपाय ठरलेला आहे : दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवा, त्यांच्यावर तापमानानुसार बदलणारा, दर अंशाला ३३०० पीपीएमचा रेझिस्टर टेकवा, वाद्य अर्धा तास चालू ठेवून मगच जुळवा. पंख्याचा थेट झोतही टाळा.

गैरसमज : बारा व्होल्टची एक बॅटरी पुरते.

वस्तुस्थिती : लहर शून्याच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे जाते. म्हणून युरोरॅकला अधिक बारा, उणे बारा आणि मधला ग्राउंड असे तिन्ही लागतात. वीज गेल्यावर वाजवायचं तर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून मधला सांधा ग्राउंड धरता येतो. दोन्ही टोकांना फ्यूज हवाच. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झाल्यावर बॅटरीतून येणारा करंट वायर वितळवू शकतो. २३० व्होल्टचा भाग मात्र घरी बनवू नये. तयार अडॅप्टर घ्यावा.

गैरसमज : स्पीकरमध्ये खरखर आली म्हणजे सर्किट चुकलं.

वस्तुस्थिती : आवाज कसला आहे ते आधी ऐका. जाड घूं असेल तर घरातली वीज किंवा अर्थिंग तपासा. बारीक शीळ असेल तर स्वस्त चार्जरवर संशय घ्या. साधारण सेकंदाला एक टक् अशी ठोक्यात येत असेल, तर शेताच्या सौर कुंपणाचं झटका मशीन शोधा. ते त्याच लयीत तारेत झटके सोडतं. गवत टेकलं किंवा इन्सुलेटर फुटला की तिथे ठिणगी पडते आणि तिचा आवाज वाद्यात शिरतो. झटका मशीनची बॅटरी आणि अर्थिंगचा रॉड सिंथसाठी वापरू नका. परीक्षा सोपी आहे : वाद्य बॅटरीवर चालवून दुसऱ्या खोलीत न्या. आवाज गेला, तर दोष बाहेरचा.

गैरसमज : पॅच कॉर्ड चुकली की मॉड्यूल जळतं.

वस्तुस्थिती : आउटपुटला सहसा एक किलोओहमचा रेझिस्टर असतो. चुकून दोन आउटपुट एकमेकांना जोडले तरी करंट १२ मिलिअँपिअरच्या आसपासच राहतो. जळतं ते पॉवरची पट्टी उलटी लावल्यावर. डोएफर पद्धतीत पट्टीची लाल कड उणे बाराच्या बाजूला येते. तरी बोर्डावरची खूण पाहूनच लावा. पट्टी उलटी लागली तरी मॉड्यूल वाचवणाऱ्या दोन रुपयांच्या डायोडसाठी कंजुषी करू नका.

गैरसमज : बंद पडलं की आयसी बदलायचा.

वस्तुस्थिती : बनावट आयसी मिळतात हे खरं, पण पहिला संशयित कच्चा टाका असतो, मग उलटा डायोड, चुकीचा रेझिस्टर, दोन टाक्यांमधला सोल्डरचा पूल. वीज बंद ठेवून अधिक बारा आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते पाहा. मग आयसी काढून रिकाम्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा : टीएल०७२ या आयसीसाठी आठव्या पिनवर अधिक बारा, चौथ्यावर उणे बारा. दोन्ही बरोबर असतील तर आयसी बसवा आणि आवाज कुठल्या टप्प्यावर मरतो ते एकेक टप्पा ऐकत शोधा. पावसाळ्यात बोर्डावर उरलेला फ्लक्स ओल धरतो आणि व्होल्टेज झिरपू लागतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो.

आणि मॉड्यूल नीट चालू असतानाच प्रत्येक पिनचं व्होल्टेज वहीत टिपून ठेवा. बिघाडाच्या दिवशी तुलनेला आकडे हाताशी असले, तर आयसीसाठी शहर गाठण्याची वेळ क्वचितच येते.