माहेरवाशिणींची सत्ता : पश्चिम आफ्रिकेतील स्त्रीसंघ आणि शांततेचे राजकारण

जुलै २००३. घानाची राजधानी अक्रा येथे लायबेरियातील यादवी थांबविण्यासाठी सुरू झालेल्या वाटाघाटींना दीड महिना होत आला होता. सशस्त्र गटांचे प्रतिनिधी भावी मंत्रिपदांवरून घासाघीस करीत होते आणि तिकडे मन्रोव्हिया शहरावर तोफगोळे कोसळत होते. अशा वेळी पांढऱ्या वेशातील लायबेरियन स्त्रिया सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बसल्या. करार झाल्याशिवाय आतल्या कोणीही बाहेर पडायचे नाही, असे त्यांनी बजावले. त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना अटक करण्यासाठी सुरक्षारक्षक पुढे सरसावले, तेव्हा बोवींनी डोक्यावरचे वस्त्र सोडले आणि अंगावरची वस्त्रेही उतरविण्याची धमकी दिली. रक्षक जागीच थबकले. मध्यस्थ असलेले नायजेरियाचे माजी लष्करशहा जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी अखेर या स्त्रियांशी बोलणी केली आणि प्रतिनिधींना पुन्हा चर्चेला बसविले.

दूरच्या वाचकाला यात केवळ हतबलता दिसेल. पश्चिम आफ्रिकेतील अनेक समाजांत मात्र आईच्या वयाच्या स्त्रीने संतापाने स्वतःला विवस्त्र करणे हा घोर शाप मानला जातो. ज्या देहाने जन्म दिला, तोच देह ते देणे परत मागतो, अशी ही भावना आहे. लज्जा येथे स्त्रीच्या वाट्याला येत नाही. ती पाहणाऱ्यावर उलटते. रक्षकांना कायदा ठाऊक होता, पण ही मर्यादाही ठाऊक होती.

पश्चिम आफ्रिका म्हणजे काही एकच समाज नव्हे. तरीही स्त्रियांच्या अशा सामूहिक अधिकाराची घडण समजून घ्यायची, तर आग्नेय नायजेरियातील इग्बो समाजाकडे वळावे लागते. तेथे कुळातील लेकींचा संघ असतो. त्याला ‘उमुआदा’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘माहेरवाशिणी’ हा नेमका शब्द आहे, फक्त या माहेरवाशिणी चार दिवस विसाव्याला येत नाहीत. कुळाबाहेर विवाह करण्याची रीत असल्याने त्या निरनिराळ्या गावांत नांदतात. पण भावाभावांत जमिनीवरून तंटा पेटला, भावजयींचे बिनसले किंवा कुळात मृत्यू झाला की एकत्र येऊन माहेरी ठाण मांडतात. सर्वांत थोरली लेक त्यांचे नेतृत्व करते. त्या दोन्ही बाजूंचे ऐकतात, दंड ठोठावतात आणि निर्णय न मानणाऱ्याच्या घरच्या मर्तिकावर बहिष्कार घालू शकतात. लेकींवाचून अंत्यविधीला शोभा नाही, हे साऱ्यांना माहीत असते. शिवाय एका गावची लेक ती दुसऱ्या गावची सून. दोन गावांत वैर माजले, तर रक्त कोणाचेही सांडो, ते तिच्याच माणसाचे असते. मध्यस्थीचा अधिकार तिला मिळतो तो या दुहेरी नात्यामुळे.

सुनांचेही स्वतंत्र मंडळ असे. पत्नीला छळणाऱ्या किंवा बाजाराचे नियम मोडणाऱ्या पुरुषाच्या दारात त्या सगळ्या जमत, त्याची निंदा करणारी गाणी गात, याम कांडण्याच्या मुसळांनी त्याच्या झोपडीवर प्रहार करीत आणि तो माफी मागेपर्यंत हलत नसत. या प्रकाराला ‘पुरुषावर बसणे’ असे नाव पडले. आपल्याकडच्या धरण्याशी त्याचे नाते सहज जाणवेल.

१९२९ च्या नोव्हेंबरात हेच अस्त्र साम्राज्यावर उगारले गेले. ओलोको गावी न्वान्येरुवा नावाची स्त्री पामतेल काढीत असताना ब्रिटिशनियुक्त मुखियाचा माणूस तिची माणसे आणि शेळ्या-मेंढ्या मोजायला आला. पुरुषांवर कर बसण्यापूर्वी अशीच मोजदाद झाली होती. पामची पाने हातोहात गावोगाव गेली आणि हजारो स्त्रिया त्या मुखियावर ‘बसल्या’. आंदोलन पसरले, सैनिकांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. ब्रिटिशांनी त्याला ‘दंगल’ म्हटले, इग्बो भाषेत मात्र ते ‘स्त्रियांचे युद्ध’ आहे. पुढे नियुक्त मुखियांची पद्धत सरकारला बदलावी लागली.

लायबेरियातील स्त्रियांनी इग्बोंचे अनुकरण केले असे नव्हे. त्यांच्याजवळ त्यांची स्वतःची परंपरा होती, आणि चर्च व मशिदींतील महिला मंडळे होती. २००३ च्या एप्रिलपासून ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळील मैदानात, अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा जेथून जाई त्या रस्त्यालगत, उन्हापावसात रोज बसू लागल्या. टेलर यांनी ११ ऑगस्टला पद सोडले आणि १८ ऑगस्टला करार झाला. याचे सारे श्रेय स्त्रियांना देणे भाबडेपणाचे ठरेल. बंडखोरांचा वेढा, टेलरवरील युद्धगुन्ह्यांचे आरोपपत्र आणि शेजारी राष्ट्रांचा दबाव ही कारणेही होतीच. पण वाटाघाटी रेंगाळण्याची लाज वाटावी, अशी परिस्थिती निर्माण केली ती त्यांनीच. एलेन जॉन्सन सरलीफ यांची २००५ मध्ये अध्यक्षपदी निवड झाली; २०११ चे शांततेचे नोबेल त्यांना आणि बोवींना, येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह मिळाले.

या परंपरांचे गोडवे गाताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या उमुआदा भावांना समेटास भाग पाडतात, त्याच कित्येकदा विधवा भावजयीवर जाचक रूढी लादतात. सिएरा लिओन आणि लायबेरियातील सांदे हा स्त्रियांचा गुप्त संघ मुलींना समाजात मानाचे स्थान देतो, आणि त्याच दीक्षेत त्यांच्या जननेंद्रियांचा छेदही करतो. अक्रात तर स्त्रिया दारात होत्या. करारावर सह्या करणाऱ्या युद्धमान पक्षांत त्यांना स्थान नव्हते.

युद्धानंतर लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत २००७ साली भारताचे महिला पोलीस पथक दाखल झाले. संपूर्णपणे महिलांचे असे ते पहिलेच पथक. त्याच काळात खेड्यापाड्यांत ‘शांतिकुटी’ उभ्या राहू लागल्या. गावच्या थोरांनी तंटे सोडविण्यासाठी बसायची जी जुनी ‘पलावर’ झोपडी, तिचेच हे रूप. फक्त येथे न्याय करायला स्त्रिया बसतात. बायकोला मारणारा नवरा, मुलाबाळांना न पोसणारा बाप, हद्दीवरून भांडणारे शेजारी यांना तेथे बोलावणे जाते. बलात्काराची प्रकरणे मात्र त्या आपसात मिटवीत नाहीत, पोलिसांकडे सोपवितात.