फीवहींतील दोन याद्या

शिरवळ येथील एका संग्राहक स्नेह्यांनीं एका जुन्या शाळेची फीवही आम्हांस दाखविली. तींत दोन याद्या होत्या : एक देणगीदारांची, दुसरी फी माफ झालेल्या मुलांची. दोन्ही जशाच्या तशा छापाव्या काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचा उलगडा करण्यास मराठीभाषी बेने इस्रायल समाजाच्या शाळेचें उदाहरण उपयोगी पडतें.

कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारीं काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नांवानें हे लोक ओळखले जात. त्यांपैकीं हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत इस्रायली शाळा काढली. समाज बेताच्या मिळकतीचा; केवळ फीवर शाळा चालणें कठीण. समाजाची वर्गणी, सरकारी ग्रँट व लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचें साहाय्य यांवर ती तगली. पुढें सर एली कडूरी यांच्या देणगीमुळें शाळेस त्यांचें नांव मिळालें.

ज्यू धर्मशास्त्रानें या व्यवहाराचा विचार पूर्वींच केला आहे. यहोशुआ बेन गमला यानें गांवोगांव शिक्षक नेमविले, कारण पितृहीन मुलास शिकविणारें कोणी नसे, असें तालमूदांत सांगितलें आहे. तोरा शिकविण्याचें मोल घेऊं नये. घ्यावयाचें तें खर्ची पडलेल्या वेळाचें. मनुस्मृतींत भृतकाध्यापक श्राद्धास वर्ज्य मानला आहे, त्याचें येथें स्मरण होतें. बाराव्या शतकांतील मायमोनिडीसनें दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. घेणाऱ्यास स्वावलंबी करणें ही सर्वांत वरची; दाता व घेणारा यांनीं एकमेकांस न ओळखणें ही तिच्या खालची.

दात्याचें नांव कृतज्ञतेनें देण्यांत दोष नाहीं. तें देणगीची अट होऊन आलें म्हणजे दोष येतो. महाविद्यालयाचें शिवछत्रपतींचें नांव बदलण्याच्या अटीवरील देणगी कर्मवीर भाऊराव पाटलांनीं नाकारल्याची कथा सातारकरांस तोंडपाठ आहे.

घेणाऱ्याची गोष्ट निराळी. नोकरींत असतां, थकलेल्या फीचीं नांवें वर्गांत मोठ्यानें वाचण्याचा हुकूम आम्ही पाळला. एक हुशार मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेंत आला नाहीं. यादी आम्हीच वाचली होती.

म्हणून आमचें मत असें : देणगीदारांची यादी रकमांसह पूर्ण छापावी. माफीच्या यादींतून संख्या, इयत्ता व माफीची रक्कम द्यावी. नांवें गाळावीं व गाळल्याचें स्पष्ट नमूद करावें. इतिहासाचें यांत फारसें नुकसान नाहीं. त्या मुलांचे नातू मात्र याच गांवांत राहतात.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबें इस्रायलास गेलीं. आज कडूरी शाळेंत बहुसंख्य मुलें मुसलमान आहेत. दात्याचें नांव पाटीवर आहे, आणि दान परक्याच्या मुलांस पुरतें आहे. आमच्या स्नेह्यांनीं दुसऱ्या यादीचा गोषवारा तेवढा उतरून घेतला. मूळ वही, एकही पान न काढतां, रुमालांत बांधून ठेविली आहे.