पाबळची फॅब लॅब आणि घरातली पहिली जोडणी

फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची कार्यशाळा, म्हटलं की परदेशी विद्यापीठ डोळ्यांपुढे येतं. पण अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकाराने निघालेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात उभी राहिली! डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात, जिथे मुलं हाताने काम करत विज्ञान शिकतात.

असं हाताने करून शिकायची घरच्या घरी सुरुवात तर लॅब उभारण्याहून सोपी: एक दिवा जोडून बघायचा.

अर्दुइनो बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ब्रेडबोर्ड (डाग न देता जोडणी करायची पाटी), एलईडी दिवा आणि २२० ओहमचा रेझिस्टर लागतात. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. रेझिस्टर गाळला तर एलईडी जळू शकतो. अर्दुइनोचे आराखडे सर्वांना खुले आहेत, ही त्याची सर्वांत मोलाची गोष्ट. सुटे भाग पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात.