आरशाच्या थरथरीतून निघालेली कंपनी

औंढा नागनाथला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की याच तालुक्यात जगातल्या सर्वांत संवेदनशील यंत्रांपैकी एक उभं राहणार आहे? लायगो-इंडिया. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत आरसे आणि आरशांमध्ये येरझारा घालणारा लेसर. दूरवर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली, की त्यातून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरीने भुजांची लांबी बदलते, तीही प्रोटॉनच्या रुंदीपेक्षा हजारो पटींनी कमी! एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या यंत्रांची एक अडचण मला विलक्षण वाटते. प्रकाश परतवण्यासाठी आरशावर काही मायक्रॉनचा लेप असतो. उष्णतेमुळे त्या लेपातले अणू क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. तेवढ्याशा थरथरीत विश्वाच्या टोकाकडून आलेला संकेत बुडून जातो.

व्हिएन्ना विद्यापीठात मार्कुस आस्पेलमेयर यांच्या गटात गॅरेट कोल हा तरुण संशोधक भलत्याच प्रश्नामागे होता. त्याला पुंजभौतिकीच्या प्रयोगांसाठी कंप पावणारे इवलेसे आरसे हवे होते. त्यासाठी त्याने गॅलियम आर्सेनाइडच्या कुळातल्या स्फटिकाचे थर वापरले. स्फटिकात अणू शिस्तीत रचलेले असतात, म्हणून थरथर कमी. हा थर ज्या चकतीवर वाढवला तिच्यापासून अलगद सोडवायचा आणि गोंदाचा थेंबही न वापरता काचेवर बसवायचा. ही युक्ती साधली आणि लक्षात आलं, की अतिअचूक घड्याळं बनवणाऱ्या प्रयोगशाळांना नेमकं हेच हवं आहे. २०१२ मध्ये क्रिस्टलाइन मिरर सोल्युशन्स ही कंपनी निघाली. २०१९ मध्ये ती प्रकाशीय उपकरणं बनवणाऱ्या थॉरलॅब्सने विकत घेतली. लायगोएवढ्या मोठ्या आरशांसाठी असे लेप करता येतील का, यावर अजून काम चालू आहे.

औंढा नागनाथ ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तिथली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तिथल्या एखाद्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीला असं काही सापडलं तर? पहिली गोष्ट, पेपर छापायची घाई नको. शोध आधी जगजाहीर झाला, तर पेटंट सहसा हातचं जातं. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढला, म्हणजे तो जगजाहीरच. पण कायद्यात सुंदर सोय आहे: आज तात्पुरता अर्ज करायचा, पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. सोमवारी अर्ज, मंगळवारी परिषदेत भाषण, चालतं. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी हे सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

आणि शोध नवा हवा. हे हळदीच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. जखमेवर हळद लावण्यासाठी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्याकडेही पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही. मात्र वसमतच्या हळदीतून कुरकुमिन काढण्याची खरोखर नवी प्रक्रिया कुणी शोधली, तर तिला दार उघडं आहे.

पुढची मदतही आहे. जैवतंत्रज्ञानातल्या कल्पनेचा नमुना तयार करायला बायरॅक या सरकारी संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, अठरा महिन्यांसाठी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा नवख्यांना जागा, उपकरणं आणि सल्ला देतं. मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी तिथल्याच ‘साइन’ केंद्रात वाढली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात आली.

केंद्र सरकारचं शिक्षणसंस्थांतल्या नवउद्योगांविषयीचं २०१९ चं धोरण तर म्हणतं, विद्यार्थ्याला कंपनीसाठी सत्र किंवा वर्षभर शिक्षण थांबवून परत येऊ द्या, परवानगीने संस्थेचा पत्ता कंपनीच्या नोंदणीला वापरू द्या. संस्थेच्या सुविधा आणि मदत वापरली, तर संस्था २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. उरलेली कंपनी संस्थापकांची आणि पुढे पैसे घालणाऱ्यांची.