ढगाखालचा कॅमेरा

लेखांक सातवा

‘जंग और अमन’ या माहितीपटाचा, सेन्सॉरच्या कात्रीवरून झालेला मुंबई उच्च न्यायालयातला खटला या आठवड्यात घ्यायचा होता. तो आता पुढच्या खेपेला. मध्येच एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय खटल्याचं मर्मही हाती लागणार नाही. स्मिथसोनियन संग्रहालयाचं १९९५चं प्रकरण वाचकांना आठवत असेल : हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाशेजारी तिथल्या होरपळलेल्या वस्तू मांडायचा बेत होता, त्याला कडाडून विरोध झाला, आणि प्रदर्शनात उरलं फक्त विमान. त्यावर एका वाचकाने विचारलं आहे की अणुबॉम्ब म्हटलं की आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर भूछत्रासारखा ढगच का येतो? माणसं का येत नाहीत? प्रश्न साधा दिसतो, पण युद्ध, अणुशक्ती आणि वृत्तस्वातंत्र्य या आपल्या तिन्ही धाग्यांची गाठ नेमकी तिथे बसली आहे.

ढग येतो, कारण ज्या कॅमेऱ्यांनी तो टिपला ते वर होते. हिरोशिमावरच्या ढगाचं गाजलेलं छायाचित्र ‘एनोला गे’च्या शेपटाकडच्या तोफचीने, जॉर्ज कॅरनने, काढलेलं आहे. नागासाकीचं असंच गाजलेलं छायाचित्रही विमानातूनच घेतलेलं. खाली कॅमेरा नव्हताच, असं मात्र नाही. ‘चुगोकु शिंबुन’ या स्थानिक वृत्तपत्राचे छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमातच होते. मियुकी पुलावर भाजलेल्या, कातडी लोंबणाऱ्या मुलांसमोर ते कॅमेरा घेऊन उभे राहिले; चाप ओढायला हात धजेना. त्या दिवसाची त्यांची पाच छायाचित्रं जगाला मिळाली, बस्स. ‘लाइफ’ मासिकाच्या वाचकांना ती दिसली सप्टेंबर १९५२मध्ये, म्हणजे जपानवरचा अमेरिकी अंमल संपल्यावर. ढग लगेच जगभर पोचला आणि ढगाखालच्या माणसांना सात वर्षं लागली. माझं म्हणणं एवढंच आहे की सेन्सॉर म्हणजे केवळ एखादं दृश्य कापणं नव्हे. कॅमेरा कुठून पाहील हे ठरवणं, आणि तीच जागा लोकांच्या मनात कायमची पक्की करणं, हे त्याचं खरं काम असतं.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे निप्पोन एइगाशा या जपानी संस्थेचा माहितीपट. निर्माते अकिरा इवासाकी. शरणागतीनंतर काही आठवड्यांतच त्यांचे छायाचित्रकार शास्त्रज्ञांबरोबर दोन्ही शहरांत पोचले. ऑक्टोबरमध्ये नागासाकीत त्यांच्यातल्या एकाला अमेरिकी लष्करी पोलिसांनी पकडलं आणि चित्रीकरण थांबवण्याचा हुकूम आला. पुढे अमेरिकेच्या बॉम्बहल्ला-सर्वेक्षण पथकाला हीच दृश्यं आपल्या कामाची वाटली, तेव्हा चित्रपट त्यांच्या देखरेखीखाली पुरा करायला परवानगी मिळाली. त्यामुळे त्याचा सूर थंड, मोजमापाचा आहे. पुलाच्या कठड्यांच्या सावल्या स्फोटाच्या झळीने रस्त्यावर उमटल्या होत्या. कॅमेरा त्यांच्यावर स्थिरावतो, आणि सावल्यांची दिशा व लांबी मोजून बॉम्ब नेमका कुठे व किती उंचीवर फुटला याचं गणित मांडलं जातं. पुलावर त्या क्षणी कोण होतं, हे ते गणित विचारत नाही. पण सावली पाहणाऱ्याच्या मनात तो प्रश्न उठल्याशिवाय राहत नाही. पावणेतीन तासांच्या आसपासचा हा चित्रपट १९४६मध्ये निगेटिव्हसकट, कापून टाकलेल्या तुकड्यांसकट अमेरिकेला गेला आणि गोपनीय म्हणून बंद झाला. काही जपानी मंडळींनी जीव मुठीत धरून एक प्रत मागे ठेवली आणि प्रयोगशाळेच्या छतात लपवली.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा. युद्ध नुकतंच संपलेलं, अस्त्र नवं, मग गुप्तता पाळली यात चूक काय? चूक तारखांमध्ये दिसते. बॉम्बमागचं विज्ञान आणि तो बनवण्याचा कार्यक्रम यांची माहिती देणारा ‘स्माइथ अहवाल’ अमेरिकी सरकारने स्वतःच प्रसिद्ध केला, तोही १२ ऑगस्ट १९४५ला, नागासाकीनंतर तिसऱ्या दिवशी. युरेनियम वेगळं कसं करतात याची रूपरेषा छापायला हरकत नव्हती. भाजलेल्या पाठी दाखवायला होती. शत्रूच्या उपयोगाचं त्या पाठींमध्ये काही नव्हतं. उपयोग होता तो आपल्याच नागरिकांना, आपल्या नावाने काय झालं हे समजून घेण्यासाठी. त्याच सप्टेंबरमध्ये जपानी वृत्तपत्रांवर ‘प्रेस कोड’ लादला गेला. ‘शिकागो डेली न्यूज’चे जॉर्ज वेलर नागासाकीत पोचले, किरणोत्साराने खंगत जाणाऱ्या रुग्णांविषयी पानंच्या पानं लिहिली, आणि ती जपानमधल्या अमेरिकी अंमलाचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांच्या सेन्सॉरकडे अडकली. त्यांच्या कार्बन प्रती मुलाच्या हाती लागल्या त्या साठ वर्षं होत आली तेव्हा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जॉन हर्सी यांचा ‘हिरोशिमा’ ऑगस्ट १९४६च्या ‘न्यू यॉर्कर’मध्ये आला आणि त्याने अख्खा अंक व्यापला. सहा माणसांच्या तोंडून सारं सांगितलं होतं. मग लोकांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? हे मान्य करायलाच हवं. हर्सींचं काम पत्रकारितेच्या इतिहासात मानाचं आहे. पण ज्यांची ही गोष्ट त्यांनाच ती जपानीत वाचायला १९४९ उजाडावं लागलं. दुसरं असं की शब्द आणि चित्र यांना सत्ता एका मापाने मोजत नाही. शब्द वाचायला वेळ, सवड, शिक्षण लागतं. चित्राला यांतलं काही लागत नाही. आणि शब्दांशेजारी चित्राची जागा रिकामी राहिली की जे चित्र हाताशी असतं ते तिथे येऊन बसतं. हर्सी वाचलेल्या माणसाच्याही डोळ्यांसमोर शेवटी ढगच राहिला.

तिसरा आक्षेप आशियातल्या वाचकाने घ्यावा असा आहे : हिरोशिमाची दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली की जपानने नानजिंगला, कोरियात, मनिलात जे केलं त्यावर पडदा पडत नाही का? पडू शकतो, आणि जपानमध्ये तसा तो वापरलाही गेला आहे. पण इथे इवासाकींचं चरित्रच उत्तर देतं. चित्रपटांना सरकारच्या दावणीला बांधणाऱ्या १९३९च्या कायद्याला त्यांनी उघड विरोध केला. १९४०मध्ये त्यांना अटक झाली. युद्ध संपल्यावर अणुबॉम्बच्या चित्रीकरणामागे ते होतेच, आणि त्याच सुमारास फुमियो कामेई यांच्या ‘निहोन नो हिगेकी’चे निर्मातेही होते. जपानी साम्राज्यशाहीची आणि सम्राटाच्या जबाबदारीची झडती घेणारा हा चित्रपट. अमेरिकी सेन्सॉरने तो आधी संमत केला, आणि १९४६च्या ऑगस्टमध्ये बंदी घालून प्रती ताब्यात घेतल्या. आपल्या देशाचा गुन्हा दाखवणारा चित्रपट आणि आपल्या देशावर झालेला घाव दाखवणारा चित्रपट, दोन्ही एकाच माणसाचे आणि दोन्ही एकाच वर्षात जप्त. ज्याला दोन्हीकडचं पाहायचं आहे त्याच्यावर दोन्हीकडची सत्ता चालून येते. म्हणून एका दुःखाने दुसरं झाकलं जाईल ही भीती खरी असली तरी तिच्यावरचा उपाय आणखी रिळं उघडण्यात आहे, बंद करण्यात नाही.

रिळं उघडली कशी, तेही पाहू. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक बार्नो हे नाव आपल्याकडच्या अभ्यासकांना परकं नाही, एस. कृष्णस्वामींबरोबर भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिणारे तेच. इवासाकींच्या संस्थेची अणुबॉम्बची दृश्यं अमेरिकेने जपानला परत दिल्याची बातमी त्यांना १९६८मध्ये कळली. त्यांनी वॉशिंग्टनमधून सारं साहित्य मिळवलं आणि त्यातून सोळा मिनिटांचा ‘हिरोशिमा-नागासाकी, ऑगस्ट १९४५’ तयार केला. माणसांची दृश्यं मुळातच थोडी होती. ती त्यांनी एकत्र आणली, निवेदन कमीत कमी ठेवलं. १९७०मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो दाखवला गेला. मोठ्या व्यापारी दूरचित्रवाहिन्यांनी घेतला नाही; सार्वजनिक वाहिनीने हल्ल्याच्या पंचविसाव्या स्मरणदिनाच्या सुमारास दाखवला. लक्षात घ्या, तोवर गोपनीयतेचा शिक्का उठला होता. अडवणारा कायदा उरला नव्हता, तरी जागा मिळेना. पंचवीस वर्षं एकच कोन पाहिलेल्या नजरेला दुसरा कोन ‘बातमी’ वाटत नाही.

अमेरिकी लष्कराच्या पथकाने १९४६मध्ये रंगीत फिल्मवर केलेलं चित्रीकरण तर त्याहून अधिक काळ कपाटात होतं. ते खुलं झाल्याचं कळल्यावर १९८०च्या सुमारास जपानी नागरिकांनी वर्गणी काढली : दर माणशी तीन हजार येन, आणि त्या पैशांत दहा फूट फिल्मची प्रत. चळवळीचं नावच ‘दहा फूट’ पडलं. त्यातून सुसुमु हानी यांचा ‘योगेन’, म्हणजे ‘भविष्यवाणी’, १९८२मध्ये उभा राहिला. सोळा मिलिमीटरची दहा फूट फिल्म पडद्यावर जेमतेम सतरा सेकंद चालते. आपल्याच शहराची, आपल्याच माणसांची सतरा सेकंदं लोकांनी विकत घेऊन परत आणली.

वाचकाच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे : माणसं दिसत नाहीत, कारण ती दाखवणारी फिल्म असूनही तिला पडदा मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा ढगाने मनातली जागा घेऊन टाकली होती. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर आपल्याकडे घरोघरी पोचलेली दृश्यं कोणती होती ते आठवून पाहा, आणि ‘जंग और अमन’ने कॅमेरा कुणाच्या अंगणात नेला तेही. सेन्सॉर मंडळाने मागितलेले काट पुढच्या आठवड्यात एकेक करून पाहू, तेव्हा कात्री कुठल्या कोनावर चालणार होती हे वेगळं सांगावं लागणार नाही.