जाळ्यावर उभी राहिलेली घरं
उंब्रजच्या कृष्णाकाठाचा मागोवा

सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यात, उंब्रजला, तारळी नदी कृष्णेला मिळते. पाटणच्या डोंगरातून उतरलेलं वेगाचं पाणी कृष्णेच्या संथ पात्रात शिरतं, आणि अशा जागी मासा हमखास सापडतो. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती याच गावात आहे. चाफळहून समर्थ इथं कृष्णास्नानाला येत, असं परंपरा सांगते. कृष्णेच्या पावित्र्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. याच पाण्यानं कोणाच्या चुली पेटवल्या आणि कोणाची पोरं घडवली, ते फारसं लिहिलं गेलं नाही. म्हणून गेल्या साठ-सत्तर वर्षांकडे मागे वळून बघायला हवं.

या काठाची मासेमारी प्रामुख्यानं भोई समाजाची. पूर्वी पालखी वाहणं, उतारावर नाव चालवणं आणि जाळं टाकणं ही भोयांची तीन कामं. नदीवर पूल नव्हते तेव्हा पैलतीरी जायचं तर नावाड्याला हाक मारावी लागे, आणि त्या कामाचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपानं घरी येई. पालख्या गेल्या, पुढे पूल झाले आणि नावही थांबली. तिन्हींतलं एकच काम उरलं, ते मासेमारीचं. पाऊसकाळात नदी फुगली की जाळी वळचणीला जात. तेव्हा अनेक घरांत चुरमुऱ्या-फुटाण्यांची भट्टी पेटे. अर्धं वर्ष पाण्यावर आणि उरलेलं भट्टीवर, असा घरचा हिशेब बसे. जमीन नसलेल्या माणसाला ही नदीच त्याचं शेत होती.

त्या शेताचं शिक्षण फार लहानपणी सुरू होई. नायलॉन येण्याआधी जाळी घरीच विणली जात. सुताची गाठ, झाडाच्या सालीच्या काढ्यात जाळं मुरवणं, तळाला वजनं बांधणं हे सगळं पोरगं आजोबांच्या शेजारी बसून शिके. जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, बोटांनी मोजायची. बारीक आस टाकली तर आज टोपली भरते, पण पुढच्या साली डोह रिकामा राहतो, हे घरातल्या मोठ्यांना पक्कं माहीत होतं. मृगाच्या पहिल्या पाण्याबरोबर अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. त्या चढणीच्या माशांचा मोह सगळ्या गावाला पडतो. ज्याचं वर्ष मासळीवर चालायचं, त्याला मात्र आपला हात कुठे आवरायचा ते शिकावंच लागे. पाण्याचा रंग, भोवऱ्याची फिरकी, कुठल्या डोहात वाम बसते आणि कुठल्या धारेला कोळशी चढते, हे ओळखता ओळखता पोराच्या अंगात धीर येई आणि अंदाज पक्का होई. रात्री टाकलेलं जाळं पहाटे रिकामं निघालं तरी संध्याकाळी पुन्हा टाकायचं असतं. हा स्वभाव त्या पोराला पुढं कुठल्याही कामात उपयोगी पडे.

मासळी पाण्याबाहेर आली की कारभार बाईच्या हातात जाई. पाटी डोक्यावर घेऊन ती वाड्यावस्त्या फिरे. कुठे पैसे मिळत, कुठे जोंधळे, तर कुठे उधारी. कोणाच्या दारी किती राहिलं, हे ती वहीशिवाय ध्यानात ठेवी. मासा टिकत नाही, म्हणून ऊन चढायच्या आत भाव करायचा, हसून बोलायचं, पण पडत्या भावाला माल सोडायचा नाही, हे सगळं तिला जमायला लागे. शाळेच्या फीचे पैसे बहुतेक वेळा याच पाटीतून निघत. मासेमारी म्हटलं की होडी आणि पुरुष डोळ्यांसमोर येतात. या व्यवसायावर घर उभं राहिलं ते या बायकांच्या पायपिटीनं, असं मी ठामपणे म्हणेन.

पुढं नदी बदलली. सत्तरच्या दशकात वाईजवळ धोम धरण झालं. त्यानंतर वेण्णेवर कण्हेर आणि मग उरमोडी व तारळी या धरणांनी उंब्रजच्या वरचं पाणी अडवलं. खाली कराडच्या अलीकडे खोडशीचा बंधारा तर ब्रिटिश काळापासूनच होता. जोडीला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. या पाण्यानं ऊस आला आणि तालुक्याची सुबत्ता वाढली, हे मान्यच केलं पाहिजे. पण बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पडले की वाहती नदी तुंबलेल्या पाण्याची रांग होते. वर चढून अंडी घालणाऱ्या माशाची वाट अडते. वाळूच्या उपशानं तळ खरवडला गेला आणि अंड्यांच्या जागाही गेल्या. खडशी, घोगरा, कोळशी जाळ्यात कमी येऊ लागले. त्यांच्या जागी गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू, मृगळ आले आणि १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापीही पसरली.

नदीच्या जोडीला दुसरा मोठा बदल देशभरातल्या तळ्यांतून आला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि बीज हवं तेव्हा तयार करता येऊ लागलं. हा फार मोठा शोध होता. त्यानं तळी भरली आणि लाखो कुटुंबांना आधार मिळाला. मात्र सरकारी योजनांची नजरही तळ्याकडेच वळली. नदीवर जाळं टाकणारा कडेला राहिला. त्यातच कुंभार्ली घाटातून बर्फातली समुद्राची मासळी बाजारात येऊ लागली, तेव्हा नदीच्या माशाला गिऱ्हाईक राखणंही अवघड झालं. अनेक घरांतली पोरं पुण्या-मुंबईला गेली. त्यांना दोष देता येत नाही. शिकून बाहेर पडावं, ही तर त्यांच्या आईबापांचीच इच्छा होती.

पाणी घाण झालं त्याची किंमतही आधी मासेमारालाच मोजावी लागते. उन्हाळ्यात पात्र आटतं, सांडपाणी आणि रसायनमिश्रित पाणी मिसळतं, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासा तडफडतो. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. बातमी काही दिवस गाजली. ज्यांची त्या हंगामाची कमाई तिथं कुजत पडली होती, त्यांच्या नुकसानीचा पंचनामा पिकासारखा होत नाही.

मला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट वेगळी आहे. या लोकांचं ज्ञान आपण वापरतो, पण मोजत नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा खुद्री, कोलस, पोटील, टाकरी ही काठावरच्या लोकांच्या तोंडची नावं शास्त्रात गेली. ती सांगणारे मात्र निनावी राहिले. तेच आजही चालू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत काठावरच्या गावांना होडी चालवणाऱ्या माणसाची आठवण झाली. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर निघालेल्या लोकांची बोट उलटली, तेव्हा पुराच्या पाण्यात एक चूक किती महाग पडते ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी कुठे ओढतं आणि बुडालेल्या झाडाची फांदी कुठे आडवी येते, याचा अंदाज रोज नदीवर असणाऱ्यालाच असतो. पूर ओसरला की त्याला कोणी विचारत नाही. मासेमारी संपली तर ती नजरही संपेल, आणि त्याचा तोटा एकट्या भोयाला होणार नाही, साऱ्या काठाला होईल.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय चांगलाच आहे. पण नदीवरच्या मासेमाराकडे सातबारा नाही, तळं नाही, मत्स्यपालनाचा पिंजरा नाही. त्याच्याकडे आहे ती वाहती कृष्णा. हा दर्जा त्याच्या दारापर्यंत पोचायचा असेल तर तीन गोष्टी व्हायला हव्यात. चढणीच्या दिवसांत मासेमारी थांबवायची आणि त्या काळाचा भत्ता त्या घरांना द्यायचा. मासे मेले तर पिकाप्रमाणेच पंचनामा करून भरपाई द्यायची. आणि बरगे कधी काढायचे, धरणातून पाणी कधी सोडायचं, याच्या बैठकीत मासेमार संस्थेच्या माणसाला खुर्ची द्यायची. ज्या नदीनं इतकी घरं उभी केली, तिच्याविषयी निर्णय होताना त्या घरांतलं कोणीतरी तिथं असलंच पाहिजे.