सात आण्यांचा हिशेब

बीबी का मकबऱ्यावरचा निबंध म्हटला की 6,68,203 रुपये 7 आणे हा खर्च हमखास येतो. आकडा इतका चोख, की विद्यार्थी तो सरळ उतरवून घेतो. पण हे सात आणे मोजले कोणी? हा आकडा गुलाम मुस्तफा यांच्या 'तवारीखनामा'तला म्हणून सांगतात. तो ग्रंथ तुम्ही पाहिलेला नसतो. हातात असते एखादे अलीकडचे पुस्तक. मग तसेच लिहावे : 'गुलाम मुस्तफा, अमुक पुस्तकात उद्धृत', पुढे लेखक, प्रकाशन, वर्ष, पान. न वाचलेला ग्रंथ वाचल्यासारखा दाखवणे ही साधी थापच.

उलट, मकबऱ्याच्या दारावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत, हे सर्वज्ञात. तरी संदर्भ दिला तर बिघडत नाही.

दोन-चार शब्द फिरवले म्हणजे मजकूर आपला होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार शोधप्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे त्या मोजणीत धरत नाहीत. वाचतानाच पान क्रमांक वहीत टिपा. सबमिशनच्या आदल्या रात्री तो सापडत नाही.